चुन्यातली नीळ

नाही, आता परत नको घ्यायला. जागृतीला मी आत पाठवलंय, ती नाही येणार. तो कॅमेरा ठेवा जरा बाजूला, तेजस्वी, आणि बसा त्या बाकावर. — तुमची चूक? छे, तुमची कशाला असेल. तुम्ही मुंबईच्या एजन्सीतून आलात, संस्थेनं जे लिहून दिलं ते वदवून घेणार, तेच तुमचं काम. वेबसाइटवरचा हा निळा रंग कसला, असं तुम्ही पोरीला विचारलंत, ती म्हणाली आमच्या धोंडूआजीच्या भिंतीचा. तुम्ही हसून म्हणालात, समुद्राचा म्हण ना बाळा, इकडं बघून, परत एकदा. तेव्हा तिनं कॅमेऱ्याकडं नाही बघितलं. माझ्याकडं बघितलं. तुमच्या लक्षात नसेल आलं, तुम्ही फोकस लावत होतात.

कोण धोंडूआजी? — बघा, वसतिगृहाचं शूटिंग करायला आलात आणि हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगतील कसं, आता पाटीवरही नाव नाही. धोंडूबाई म्हणजे माझी थोरली आत्या. मुली सगळ्या आजी म्हणायच्या, मग मीपण म्हणायला लागले. इथं चौलात लोकांच्या सुपारीच्या वाड्यांना पाणी लावायला जायची. तिकडं तळा तालुक्यात आमच्या बौद्धवाड्या आहेत, तिकडं तेव्हा सातवीच्या पुढं शाळा नाही, मुली घरी बसायच्या, नाहीतर लग्न. हिनं नात्यातल्या चौघींना आणून स्वतःच्या घरात ठेवलं. घर म्हणजे काय — दोन खोल्या आणि पडवी. आणि दिवाळीआधी भिंतीला चुना काढताना त्यात नीळ घालायची. थोडीशी सगळेच घालतात, चुना पांढरा दिसावा म्हणून. ही पुडे फोडून फोडून घालायची, भिंत पार निळी व्हायची. शेजारच्या बायका म्हणायच्या, अगं काय ही शोभा. तर म्हणायची, "लांबून दिसली पायजे. पोर यष्टीतून उतरली का कुनाला घर इचारायला लागू न्हाय. इचारलं का लोक आधी इचारतात, कुनाची गं तू."

कळलं ना, कशाला ते? — तुम्हाला कळलं असेल, नसेलही. रंगाचा दुसरा अर्थ होताच, तो काय मी लपवत नाही. आमच्या झेंड्याचाही तोच रंग, आणि तिला त्याचा अभिमान होता. पण आधी ती खूण होती. निळी भिंत दिसली की शिरायचं आत, कुणी काही विचारणार नाही. मी स्वतः अशीच आले, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन.

पुढं मुली वाढल्या, तिच्यानं होईना, मग संस्थेनं वसतिगृह चालवायला घेतलं. वाईट केलं असं नाही म्हणत मी — इमारत झाली, अन्न बरं मिळतं, मला इथं अधीक्षिकेची नोकरी मिळाली. आणि गेल्या वर्षी पनवेलला, संस्थेच्या मुख्य कचेरीत, सगळ्यांना बोलावलं. संस्थेच्या शाळा, कॉलेज, आयटीआय, आम्ही — सगळ्यांच्या वेबसाइट नव्यानं करायच्या. मूळ साचा एक, पण प्रत्येकानं आपली ओळख आपण ठरवायची — रंग, चिन्ह, अक्षरं. सुजित सर होते समितीवर, तेच म्हणाले, मॅडम, मनापासून करा, तुमच्याकडं तर गोष्ट आहे. मग केलं मनापासून. मुलींना घेऊन बसले. जुन्या घराची एक भिंत अजून उभी आहे मागं, तिचा पोपडा काढून रंग जुळवला, किती वेळा जुळवला. अक्षरं मुलींनी हातानं काढली. वर नाव, धोंडूबाई मुलींचं वसतिगृह. मी समितीपुढं उभं राहून सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, एसटीपासून.

काय म्हणाले? — छानच म्हणाले. छान म्हणायला कुठं काय लागतं. मग सुजित सर म्हणाले, पण मॅडम, रंग जरा सगळ्यांचा वाटायला हवा, नाही का. एवढंच. पुढचा शब्द ते बोलले नाहीत, मीही बोलू दिला नाही. कॉलेजला त्यांचा माड मिळाला, आयटीआयला चक्र, आम्हाला मूळ साचा. आणि नाव लांब आहे म्हणे, फोनवर दोन ओळी होतात. म्हणून 'मुलींचे वसतिगृह, चौल'. एका ओळीत बसलं.

थांबा, संपलं नाही. पावसाळ्यानंतर संस्थेचं स्वतःचं नवं रूप आलं — तुमच्याच एजन्सीनं केलेलं ते, हो ना? उघडून बघते तर वरपासून खालपर्यंत तोच निळा. तसला नाही, तोच. मी पोपडा धरून बघितलाय स्क्रीनला. खाली लिहिलंय, कोकणच्या समुद्राची निळाई, विश्वासाचा रंग. आमच्या भिंतीवर होता तोवर तो काही लोकांचा होता, पनवेलला गेल्यावर सगळ्यांचा झाला. आणि समुद्राचा. इथला समुद्र बघितलात का तुम्ही कधी? मातकट असतो, वर्षभर.

सरांना फोन? केला. म्हणाले, मॅडम, रंगावर कुणाची मालकी असते का.

मग मी — तुम्हाला कशाला सांगते आहे मी हे. मुलींनी विचारलं, बाई, आपला रंग घेतला? तेवीस पोरी समोर बसलेल्या. मी म्हटलं, हो, घेतला. सगळ्या संस्थेनं आपला रंग घेतला. अशा टाळ्या पडल्या. जागृतीनं घरी फोन करून आईला सांगितलं. खोटं तर नाही ना ते? सांगा तुम्ही. रंग तर घेतलाच होता. मी रोज हेच म्हणते स्वतःला, सकाळी ऑफिसचा कॉम्प्युटर लावताना, आणि ते पान वर येतं तेव्हा. चाललं होतं माझं. आज तुम्ही आलात, हसून एकच वाक्य बोललात, आणि पोरगी माझ्याकडं बघत राहिली. आता जेवायला बसल्यावर विचारेल ती मला. किंवा नाही विचारणार. न विचारणं त्या फार लवकर शिकतात.

नाही, तुम्ही नका समजावू तिला. संस्थेला सांगा, अधीक्षिका नाही म्हणाल्या. माझं नाव घालून सांगा — दीक्षा, आडनाव त्यांना माहीत आहे. काय करायचं ते करू दे. मुलींना ओळीनं उभं करून समुद्र म्हणायला मी नाही लावणार.

समुद्र पाहिजे ना तुम्हाला? त्या वाडीतून सरळ गेलात की रेवदंड्याच्या बाजूला लागतो. त्याचं करा शूटिंग. तो काही बोलत नाही.

निघा आता. मुलींची जेवायची वेळ झाली.