गोळीचं वाक्य

नांदेडच्या प्रमाणपत्रं देणाऱ्या सरकारी कार्यालयात पंचशीला आपला नंबर येण्याची वाट बघत बाकावर बसली होती. खिडकीशी मुदखेडचे दस्तगीरचाचा उभे होते, आणि आतली कारकून मुलगी त्यांच्या शिक्षिका बायकोचा व्हिडिओ लावून बघत होती.

"चाचा, बाईंनी शिकवलेले हे पाढे परदेशातल्या शाळेला पाठवायचेत न? मग हे निव्वळ शैक्षणिक हाय, असं सरकारी प्रमाणपत्र लागतं."

"त्याच्यासाठीच आलो, बेटा."

"पण सातच्या पाढ्यात बाई मधीच म्हणतात, ‘अजी, गोली खाए क्या?’ तेवढं कापून आणा म्हणून मागल्या महिन्यातच सांगितलं होतं."

"व्हिडिओ मीच काढून राहिलो होतो. फळ्याकडं तोंड करूनच विचारली ती."

"मग बाईंनाच घेऊन या. सातचा पाढा नव्यानं काढू."

"शहजादी रमजानच्या आधीच गेली, बेटा."

"...माफ करा, चाचा. थांबा, मीच कापते. चार सेकंदांचं तर हाय."

"काप. पाढे जाऊ दे पोरांकडं. तिची लई इच्छा होती."

"झालं. बघा, कळतबी न्हाई."

"कापलेलं कुठं गेलं?"

"ते टाकून द्यायचं असतं, चाचा."

"टाकू नको. माझ्या मोबाईलात घाल. रोज सकाळी आठला वाजंल असं कर."

"अलार्म लावू?"

"हाव. तिच्या माघारी गोळी राहूनच जाती."