बारावा नमुना

वहिनी : म्हणजे पुन्हा बर्फच आला म्हणा की.

भांडारपाल : वहिनी, आधी हा कोट घाला. हातमोजेही. आत उणे वीस आहे.

वहिनी : चार महिने तुमच्या साहेबांचे उंबरे झिजवतेय मी, भाऊजी. ध्रुवावरच्या त्या परक्या तळावर माझा नवरा गेला. मृत्यूचा दाखला आठवड्यात आला, माणूस काही येत नाही. आणि तुम्ही मला बर्फ बघायला बोलावता?

भांडारपाल : दोन सरकारांचं फाटलंय. त्यांच्या विमानातून आपलं माणूस आणायचं नाही, जिवंत नाही की मेलेलं नाही. दोघांनी मिळून अभ्यासासाठी काढलेला बर्फ वाटून घ्यायचा करार तेवढा उरलाय. आज शेवटचं विमान आलं.

वहिनी : पाठ झालंय हे सगळं.

भांडारपाल : अकरा पेट्या यायच्या होत्या. आल्या बारा. हा कागद बघा, शेवटची ओळ.

वहिनी : 'खोली, त्रेचाळीस.' खोली म्हणजे?

भांडारपाल : किती मीटर खालून काढला, ते. बाकीचे सगळे हजाराच्या पुढचे आहेत.

वहिनी : त्रेचाळीस तर यांचं वय.

भांडारपाल : हो.

वहिनी : लांबी पाच फूट सात... लग्न ठरताना आठ सांगितली होती मेल्यांनी. सही कुणाची ही?

भांडारपाल : चौघांची आहे. वरची त्या लाल दाढीवाल्याची, तळप्रमुखाची.

वहिनी : त्याच्या नावाने रोज फोनवर खडे फोडायचे हे. बुद्धिबळात चाल परत घेतो म्हणे. अहो, त्याची नोकरी जाईल!

भांडारपाल : नोकरीवर निभावलं तर नशीब.

वहिनी : आणि तुमची?

भांडारपाल : बारा नमुने मिळाले म्हणून सही ठोकलीय मी. उद्या बारावा कुठे गेला विचारलं, तर वितळला म्हणून लिहीन. माझ्या हलगर्जीपणामुळे.

वहिनी : यांना वितळला म्हणून लिहाल?

भांडारपाल : दुसरं काय लिहू, वहिनी? खरं लिहिलं तर चौकशीत पेटी अडकेल, नाहीतर परत जाईल. मागच्या दाराला गाडी लावलीय. तासाभरात घरी न्या त्याला.

वहिनी : हा खाली शेरा काय आहे? अक्षर लागत नाही.

भांडारपाल : 'घरच्यांसमोर उघडावे.'

(तो पेटीच्या कड्या काढतो.)

वहिनी : हळू हो. जरा हळू.

भांडारपाल : हातमोजे काढू नका, वहिनी. बोटं चिकटतील.

वहिनी : चिकटू देत.