पडलं की चाकांचं

अहो, अहो, टेकू नका! — मागे व्हा, अजून मागे — पट्ट्याचं बकल केवढं आहे तुमच्या, तेवढ्यानेसुद्धा ओरखडा उठतो. नाही हो, रागावले नाही. जाहिरात आमच्या लेकीने टाकली, गाडी विकायला मी काढली, मग गिऱ्हाइकावर कशाला रागावू? फक्त हात लावण्याआधी अंगठी काढा. आणि घड्याळ. खिशात ठेवा — वरच्या नको, वाकलात की बॉनेटवर पडेल — पँटच्या ठेवा. हं. आता बघा खुशाल. पण जरा लवकर बघा, आमचे हे कमरेच्या व्यायामाला गेलेत, ते यायच्या आत उरकायला हवं. — नाही, त्यांना माहीत नाही. — माहीत असतं तर तुम्ही फाटकाच्या आत असता का?

दोनच सीट, हो. मुलं झाली तेव्हाही दोनच होत्या. सवत म्हणते मी हिला, तोंडावर म्हणते. सवतीला सावलीत उभं करायचं आणि मी उन्हात कपडे वाळत घालायचे! का, तर हिला ऊन चालत नाही — धुताना पाणी अंगावर वाळलं की डाग पडतात. हिला दोन बादल्या लागतात, एक साबणाची, एक साध्या पाण्याची — फडकं आधी साध्यात खळबळायचं, धुळीचे कण तळाला जाऊ द्यायचे, मगच साबणात. चाकांची बादली वेगळी, ती लाल. आणि टॉवेल! लग्नात आलेले माझे मऊ टॉवेल एकेक करून हिच्या अंगाला लागले. मी न्हाणीघरातून टॉवेल, टॉवेल म्हणून ओरडतेय आणि हे खाली तिला टिपून घेतायत! — टिपूनच, पुसायचं नसतं. — हसताय काय? लग्न झालंय तुमचं? — मग घ्या हसून.

बाकी काही विसरलात तरी चालेल, पण एक ध्यानात ठेवा. फडकं हातातून जमिनीवर पडलं की ते परत रंगाला लावायचं नाही. कालच घेतलेलं असो, झटकलेलं असो, धुतलेलं असो — एखादा कण अडकून राहिला की संपलं. पडलं की ते चाकांचं. चाकांना चालतं, ती तशीही ब्रेकच्या काळ्या भुकटीने माखलेली असतात. या घरात सासूबाईंचा शब्द एक वेळ मोडला असेल, हा नियम नाही मोडला.

तो डावा कोपरा ना? वाटलंच मला. गंज नाही तो — रंग पातळ झालाय, खालचा करडा डोकावतोय. — धडक? छे, पॉलिश! अहो, तिथे उभं राहिलं की समोर काय दिसतं? स्वयंपाकघराची खिडकी. आमचं वाजलं की हे पॉलिशचा डबा घेऊन खाली येणार आणि नेमका तोच कोपरा घासत उभे राहणार — माझा पारा उतरला का ते बघत. मीही काही कमी नाही, भांडी आपटत राहायची. कधी कधी राग केव्हाच गेलेला असायचा, तरी आपटायची — म्हटलं घासू देत अजून थोडं. — काय म्हणालात? सगळा रंग खरवडून नवा मारणार? लाल? — नाही, तुमची गाडी, तुमची मर्जी. लाल छानच दिसतो. आगीच्या बंबाला.

चाकं बघा. तारांची आहेत, ती बदलायची भाषा काढू नका, सांगून ठेवते. नुसतं पाणी मारून भागत नाही, दात घासायचा जुना ब्रश घ्यायचा आणि एकेक तार आतून बाहेर घासायची. — मी? हो, मीच घासते. म्हणजे आता. हे पडले ना, तेव्हापासून. मागचं चाक घासत उकिडवे बसले होते, उठायला गेले आणि कमरेत अशी चमक भरली की आडवेच झाले. मला खिडकीतून नुसती लाल बादली गडगडत जाताना दिसली. खाली कशी पोचले आठवत नाही, हातात उलथनं तसंच. आणि जमिनीवर पडल्या पडल्या हे मला काय म्हणाले असतील? — “पडलो गं. आता मी चाकांचा.” अहो, चेष्टा सुचते का अशा वेळी? मी नाही हसले. आणि डॉक्टरांनी नेमकी चाकंच बंद केली — उभ्याने काय ते करा म्हणाले, खाली बसायचं नाही. पण ऐकतील तर शपथ! माझी पाठ फिरली की हे चाकापाशी. एखाद दिवशी मी घरात नसेन आणि हे असेच पडून राहतील — भीती वाटते हो मला. म्हणून काढली विकायला. गाडीच नको नि ते पडणंही नको.

तोवर म्हटलं चाकं मी करते. हे स्टुलावर बसून हुकूम सोडतात — “ती तार राहिली.” “कुठली?” “तिच्या शेजारची.” — मी म्हणते, एवढी नजर तेज आहे तर समोर ठेवलेलं मीठ का दिसत नाही? इतकी वर्षं संसार केला, एवढं कधी बोललो नव्हतो आम्ही. मुलं आपापल्या संसाराला लागल्यावर तर जेवताना नुसता घास चावल्याचा आवाज यायचा. आता रविवारी चार चाकं पुरत नाहीत. मागे डिकीत जादाचं पाचवं आहे ना, तेही घासते. ते कुठे मळतंय! तरी घासते. — हे तुम्हाला कशाला सांगत बसले मी?

हं, हे घ्या फडकं, तुमच्या बोटांचे ठसे उठलेत बॉनेटवर. हलक्या हाताने — दाबू नका — पडलं? असू द्या, असू द्या, मी दुसरं आण — अहो! तेच काय लावताय! आत्ता कानीकपाळी ओरडले ना मी! — झटकलं? झटकून काय होतं? हात काढा आधी. — नाही, उठला नाही ओरखडा. थोडक्यात वाचली.

नाही, किमतीचं काही बोलायचं नाही मला. द्यायचीच नाही गाडी. — हो, होती जाहिरात. लेकीला सांगते काढायला. — शिकाल हो, तुम्ही सगळं शिकाल, पण मग रविवारी मी काय करू? — टॅक्सी थांबली बघा कोपऱ्यावर. आले हे. कसे ताठ चालतायत बघा, मला दाखवायला! हे बघा, तुम्ही पत्ता चुकलात, कळलं? निघा आता, फाटक आपटू नका. आणि ते फडकं कुठे घेऊन चाललात? — कचऱ्यात? पडलं म्हणून टाकून देतात होय कुणी? आणा इकडे. पडलं की ते चाकांचं. आणि चाकं माझ्याकडे आहेत.