पट्टा बसवायचा तर

धाकटी : सकाळपासून सायकल उलटी टांगून, हातात करवत घेऊन नुसता बसलायस. कापणार कधी, दादा?

दादा : कापतो गं. घाई कसली?

धाकटी : घाई? महिनाभर ‘उद्या करतो’ ऐकतेय!

दादा : चेन असती तर एक कडी उघडून पाच मिनिटांत चढवली असती. चेनच्या जागी बसवायचा हा रबरी पट्टा म्हणजे बांगडी, कुठेच उघडत नाही. तो आत घालायला मागची नळीच कापावी लागते. आणि फ्रेम बाबांच्या हातची.

धाकटी : बाबा असते तर त्यांनीच कापली असती. नवीन काही दिसलं की हात शिवशिवायचे त्यांचे.

दादा : पण चेनने तुझं काय घोडं मारलंय? तेल घातलं की ती पण गप्प बसते.

धाकटी : तुझ्याइतकीच गप्प बसते! तळ्यावर पक्षी मोजायला जाते मी. तिची कुरकुर ऐकून सगळे आधीच पसार. मग मोजू काय, कपाळ? काल तर स्वप्नच पडलं बघ. धुकं, पाण्याकाठची वाट, पायडल फिरतंय आणि आवाजच नाही. बगळ्यांनी मान वळवून बघितलं न् पुन्हा आपल्या कामाला लागले. मागे कॅरियरवर बाबा. म्हटलं, बाबा, झोपलात का? तर म्हणाले, ‘श्श्.’

दादा : तुझ्याशी बोलतात तरी. माझ्या स्वप्नात स्टुलावर बसून नुसते माझ्या हातांकडे बघतात. मी नट पिळतोय, पिळतोय, आणि नट काही संपत नाहीत.

धाकटी : (वाकून बघत) अरे, इथला रंग का खरवडलास? पट्टा उजवीकडे येतो ना? ही तर डावी नळी!

दादा : उलटी टांगली, त्यात चाकं न् चेन काढलेली. उजव्याचं डावं झालं.

धाकटी : धन्य आहे! इतकी वर्षं दुकान चालवून? करवत नाही ना लावलीस?

दादा : लावणारच होतो. ही पिवळी रेघ दिसली आणि हातच थांबला.

धाकटी : पितळ आहे?

दादा : पितळेचा जोड. नळीच्या मधोमध उगाच कुणी जोड देत नाही. तुटली तरच देतात.

धाकटी : बाबांची सायकल कधी तुटली?

दादा : तू पाळण्यात होतीस. मी न विचारता नेली आणि उतारावर आपटलो. नळीला चीर गेली. चिरेत मेण भरलं, वरून रंग फासला न् गुपचूप जागेवर लावून टाकली. बाबा तिच्यावरूनच दुकानात जायचे. ते परत येईपर्यंत मी दारातच वाट बघत उभा असायचो.

धाकटी : आणि हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस? म्हणून हात लावू देत नव्हतास होय कुणाला!

दादा : कुठली नळी, तेही आठवत नव्हतं. कापायला गेलो की चीर समोर येणार, एवढंच डोक्यात. आणि बघ, चीर नाहीच. इतकं सफाईदार पितळ त्यांच्याशिवाय कोण भरणार? वरचा रंगसुद्धा मी फासला होता तसाच, ओघळांसकट. मला कळू नये म्हणून.

धाकटी : दादा... रागावले नाहीत? कधीच?

दादा : चकार शब्द नाही. त्याच आठवड्यात दुकानात घेऊन गेले मला. म्हणाले, ये, बस इथे, तुला जोड द्यायला शिकवतो.