तबेल्याची कडी आतून होती

मी, रीना अश्वजित मेश्राम, वय ३४ वर्षे, धंदा घोडेस्वारी शिकवणे, रा. अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मी अड्याळजवळ घोडेस्वारीचे वर्ग चालवते. तबेला जुन्या धानाच्या गोदामात आहे, त्यामुळे खोल्यांच्या दारांना आतून व बाहेरून कड्या आहेत. पवनीचे कापड व्यापारी हिरालाल पराते यांची मुलगी कीर्ती, वय १२, दिवाळीपासून माझ्याकडे येते. तिची आई पोळ्याच्या सुमारास वारली. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नाही, असे वडिलांनीच मला सांगितले होते.

घोडीवर बसवले की कीर्ती ताठ होत असे. लगाम आवळून धरायची, हाक ऐकू येत नसे. अशा मुलाला मी घोड्यावर ठेवत नाही. सूचना देत नाही, नावानेही हाक मारत नाही. हातात खरारा देते आणि घोड्याचे अंग घासायला सोडते. घोडी शांत आहे याची खात्री करून मी बाहेर दाराकडे पाठ करून बसते. मूल आपण होऊन बाहेर येईपर्यंत दार उघडत नाही. ही पद्धत मी हिरालाल यांना सांगितली नव्हती.

काल सकाळी कीर्ती चांदणी नावाच्या घोडीच्या खोलीत गेली व तिने दार लावून घेतले. आतून कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला. काही वेळाने आतून बोलणे ऐकू आले. "खाय ना वं. काहून नाही खाऊन राहिली? मी आहो ना इथं." आत दुसरे कोणी नव्हते.

तेवढ्यात हिरालाल आले. म्हणाले, "माही पोरगी कोठी आहे?" मी हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, आतच आहे. जरासक थांबा, बोलून राहिली ते." ते म्हणाले, "मले कायले बनवता? माह्या घरात तीन महिने झाले बोलली नाही. मॅडम, तुम्ही घोडा शिकवून राहिल्या का पोरीले कोंडून राहिल्या?" त्यांनी मुलीला जोरात हाका मारल्या. आतून उत्तर आले नाही. पोरगी बेशुद्ध पडली असे समजून, बाहेरची कडी न पाहताच त्यांनी लाथा मारून दार तोडले. घोडी बुजली. तिचा पाय कीर्तीच्या पायावर पडून बोट मोडले. मी घोडी बाहेर काढली व कीर्तीला दवाखान्यात नेले. तेव्हापासून ती पुन्हा बोललेली नाही.

मी बाहेरून कडी लावून मुलीला कोंडले, ही हिरालाल यांची तक्रार मला वाचून दाखवली. ती खरी नाही. दार मोडल्याने दोन्ही कड्या निखळल्या आहेत. कडी कोणी लावली हे कीर्तीशिवाय कोणी सांगू शकत नाही, हे मला समजते.

तिला ठाण्यात बोलावून विचारू का, असे साहेबांनी मला विचारले. विचारू नये. माझ्यावर गुन्हा दाखल झाला तरी विचारू नये. बोट बरे झाल्यावर तिला चांदणीकडे पाठवावे, एवढे हिरालाल यांना कळवावे. त्या दाराला मी कडी बसवून ठेवते, आतूनच.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितले तेच यात लिहिले आहे, म्हणून सही करते.