डबीतला दात

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक वायरमन आणि त्याची बायको बसले होते. त्याने तोंडावर रुमाल धरला होता आणि तिच्या मांडीवर एक छोटी डबी होती.

"डबीत काय आणलंस?"

"तुमच्या दाताचा तुकडा. दुधात ठेवलाय."

"केरात टाकायचा सोडून दुधात?"

"दातांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, कधीकधी तोच परत चिकटवता येतो. कितीदा सांगितलं, वायर दातांनी सोलू नका."

"शिडीवर होतो, पक्कड खाली राहिली. आणि एवढासा टवका उडालाय. कानशीनं घासून टाकतो की. पुढच्या स्टॉपला मी कामावर उतरणार."

"मघाशी गार पाण्याचा घोट घेतलात, तेव्हा केवढे उडालात?"

"पाणीच गार होतं."

"जरा आ करा. तुमची बॅटरी द्या इकडे. अहो, हलू नका. मधोमध लाल ठिपका दिसतोय."

"लाल म्हणजे?"

"आतली नस उघडी पडलीय. असं दिसलं तर आजच्या आज या, नाहीतर दात हातचा जाईल, असं म्हणाल्यात बाई."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तोंड आत्ता उघडलंत. लोकांच्या घरात उघडी वायर दिसली की तुम्ही काय म्हणता?"

"उद्यावर टाकू नका म्हणतो."

"मग?"

बस थांबली. कंडक्टरने त्याला हाक मारली, "वायरमन, तुमचा स्टॉप आला."

"राहू द्या. दवाखान्यापर्यंत तिकीट वाढवा. आणि ड्रायव्हरला म्हणावं, खड्ड्यातून जरा जपून. आमचं दूध सांडेल."