अस्तराखालची जखम

(रुग्णालयातली तपासणीची खोली. शिंपीकाका पलंगावर, सदऱ्याची बटणं उघडी. शेजारी त्यांची लेक, समोर डॉक्टरीणबाई.)

लेक : विचारा ना त्यांना, प्रत्येक सदऱ्याला आतून डाव्या बाजूला अस्तर कशाला लावलं! इस्त्री करताना हाताला लागलं म्हणून कळलं. नाहीतर पेसमेकरच्या जागी पू झिरपतोय, हे आम्हाला कधी समजणार होतं?

शिंपीकाका : गिऱ्हाइकासमोर डाग दिसायला नको, एवढंच. बाई, वरची कातडी उसवलीय. घाला दोन टाके.

डॉक्टर : टाके घालून आत काय कोंडायचं, काका? जंतू पेसमेकरला चिकटलेत. वायरींवरून थेट हृदयात उतरतील. तो काढायचा, वायरीही काढायच्या. सगळंच.

शिंपीकाका : आणि माझं हृदय? ते त्याच्याच जिवावर चालतंय की!

डॉक्टर : मधल्या काळात तात्पुरता आधार देऊ. जंतू गेल्याची खात्री झाली की नवा. उजव्या खांद्याखाली असाच बसवता येईल. किंवा बिनवायरीचा, गोळीपेक्षा थोडा मोठा. मांडीच्या शिरेतून नेऊन हृदयाच्या आतच ठेवायचा. तुम्हाला दोन्ही चालतील.

लेक : उजवीकडचाच बसवा. ओळखीचा तरी आहे.

शिंपीकाका : ओळखीच्यानेच हा घोळ घातला ना! शिवाय उजवा हात कात्रीचा. बिनवायरीच्याला खांद्याखाली कातडीचा कप्पाच लागत नाही, मग जंतू बसणार कुठे?

डॉक्टर : धोका बराच कमी होतो, संपत नाही. आणि बॅटरी संपली की तो काढणं सोपं नसतं. बहुधा तिथेच राहू देतात, शेजारी दुसरा ठेवतात.

लेक : ऐकलंत?

शिंपीकाका : ऐकलं. देवाने तेवढं आयुष्य दिलं, तर दोघं राहतील दाटीवाटीने. बिनवायरीचा, बाई. ठरलं.

लेक : पण आधी जुन्या वायरी ओढून काढायच्यात, बाबा. आत काही फाटलं तर?

डॉक्टर : तो धोका आहे. सर्जन शेजारी तयार उभे असतील. पण न काढण्यात धोका जास्त.

शिंपीकाका : मग उद्याच काढा.

लेक : भीती नाही वाटत तुम्हाला?

शिंपीकाका : वाटते तर! सकाळी देवापुढे हात जोडले, रोजचा अभंगही ओठांवर येईना.

लेक : मग उद्या तुमच्या वाटचा अभंग मी म्हणते.

शिंपीकाका : म्हण. पण मनातल्या मनात नको. मोठ्याने गा, ऑपरेशनच्या खोलीचं दार लागेपर्यंत मला ऐकू आलं पाहिजे.